छप्पन्न गीतें आणि दहा तबकड्या

चैत्र शुद्ध नवमीच्या सकाळीं गुहागरच्या लांबच लांब रस्त्यानें, खालच्या पाटाकडून वरच्या पाटाकडे कोणी चालत गेला, तर नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून एकच आवाज त्याच्या सोबतीला असतो. एका घरीं रामाच्या तसबिरीशेजारीं ठेवलेलें यंत्र, पुढें एखाद्या देवळाचा ध्वनिक्षेपक, आणखी पुढें कोणाच्या तरी हातांतला मोबाइल. यंत्रें निराळीं, गाणीं निराळीं. परंतु गळा तोच, सुधीर फडके यांचा. दशरथ बोलो, कौसल्या बोलो, कीं वनांत सोडलेली सीता बोलो, ऐकणाऱ्याच्या कानीं येतो तो हा एकच स्वर. इतका तो अंगवळणीं पडला आहे, कीं गीतरामायण म्हणजे फडक्यांचा आवाज हें समीकरण कोणी तपासूनही पाहत नाहीं.

मागल्या एका नवमीला शेजारच्या ओटीवर यावरूनच लहानसा वाद झाला. नव्वदीला टेकलेल्या एक आजी सीतेचें गीत ऐकतां ऐकतां नातवाला म्हणाल्या, "हें बाईच्या आवाजांत होतं रे. मी ऐकलंय." नातू हंसला. "आजी, गीतरामायण फडक्यांनींच गायलंय. सगळींच्या सगळीं छप्पन्न." आणि त्यानें आपल्या मोबाइलवरची यादी त्यांच्यापुढें धरली. आजींनीं यादीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. एवढेंच म्हणाल्या, "तुझ्या यादीच्या आधीं मी ऐकलंय."

दोघांचेंही म्हणणें खरें होतें. 1955 सालीं पुणें नभोवाणीवरून जें गीतरामायण लोकांनीं ऐकलें, तें अनेक गळ्यांचें होतें. आणि पुढें ध्वनिमुद्रिकांच्या संचाच्या रूपानें जें घरोघर गेलें, तें एका गळ्याचें. या दोहोंच्या मध्यें कित्येक वर्षें गेलीं. तीं कां गेलीं, आणि त्या अवधींत कृतीचें काय झालें, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे. गीतरामायणाची थोरवी सांगणारे लेख पुष्कळ झाले आहेत. त्याच्या उशिरा निघालेल्या तबकड्यांविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं.

आरंभ नभोवाणीच्या एका हट्टापासून करावा लागतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे गृहस्थ 1952 सालीं केंद्र सरकारांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचें जितकें प्रेम, तितकाच सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. त्यांच्या अमदानींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोते अर्थातच गप्प बसले नाहींत. त्यांनीं रेडिओची कळ फिरवून सिलोन लावलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या बिनाका गीतमालेनें त्यांना तेथेंच खिळवून ठेविलें. सरकारला आतां लोकांचे कान परत मिळवावयाचे होते, आणि तेही सिनेमावांचून. सुगम संगीत या नांवाखालीं जो प्रकार पुढें फोफावला, त्याला या अडचणीचें खतपाणी मिळालें आहे. हट्टी मंत्र्यांच्या खात्यावर एवढी एक गोष्ट जमा करणें न्यायाचें होईल.

पुण्याचें केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजीं सुरू झालें. तेथें सीताकांत लाड हे काव्य-संगीताची जाण असलेले अधिकारी होते. नव्या केंद्रासाठीं वर्षभर चालेल, रसाळ असेल आणि संस्कारही करील असें कांहीं लिहून द्या, असें त्यांनीं आपले मित्र गजानन दिगंबर माडगूळकर यांना म्हटलें. माडगूळकरांनीं रामकथा निवडली आणि चालींसाठीं फडक्यांचें नांव पुढें केलें. गंमत अशी कीं, हे दोघेही सिनेमांतलेच. ज्या गाण्यांना दाराबाहेर उभें केलें होतें, तीं रचणारे हात आणि त्यांना चाली लावणारे कंठ आतां पुढच्या दारानें सन्मानानें आंत आले. दोघेही 1919 चे, दोघांनींही पोटासाठीं उमेदीचीं वर्षें उन्हांत काढलेलीं, आणि दोघांनाही आठवड्याच्या मुदतींत काम हातावेगळें करण्याची संवय चित्रपटांच्या धंद्यानेंच लावलेली. ती संवय नसती तर हें काम वर्षभर चाललें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशीं पहिलें गीत प्रक्षेपित झालें. त्याच्या आदल्या घाईची कथा सर्वश्रुत आहे: लिहून दिलेला कागद कोठें हरवला, वेळ तर अंगाशीं आली, तेव्हां लाडांनीं कवीला एका खोलींत बसवून दाराला कडी घातली आणि माडगूळकरांनीं तें गीत नव्यानें लिहून दिलें. कथेला मागाहून थोडी झिलई चढली असेल. परंतु कामाची रीत तिच्यांतून बरोबर कळते. संपूर्ण काव्य आधीं सिद्ध होऊन मग गायलें गेलें, असें हें झालें नाहीं. आठवड्याला एक गीत लिहावयाचें, त्याला चाल लावावयाची, गायक ठरवावयाचा, वाद्यांचा मेळ बसवावयाचा आणि शुक्रवारीं सकाळीं पावणेनऊला तें लोकांपुढें ठेवावयाचें. शनिवारीं-रविवारीं तेंच पुन्हां ऐकवीत, आणि तोंवर पुढच्याची निकड सुरू झालेली असे. वर्षाच्या हिशेबानें 52 गीतें व्हावयाचीं. परंतु त्या वर्षीं भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी 19 एप्रिल 1956 पर्यंत लांबली. त्यामुळें गीतें 56 झालीं. पंचांगानें एखाद्या काव्याची लांबी ठरविल्याचें दुसरें उदाहरण मराठींत असेल तर आम्हांस आनंदच आहे.

हें चालू असतांना मराठी काव्याचा दुसरा ध्रुव याच खात्यांत नोकरी करीत होता, याची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. बा. सी. मर्ढेकर हे आकाशवाणीचेच अधिकारी. 20 मार्च 1956 रोजीं दिल्लींत त्यांचें निधन झालें, तेव्हां पुण्याच्या केंद्रावर लंकाकांड संपून राम अयोध्येकडे परतण्याच्या बेतांत होता. एकानें मराठी कवितेची घडी मोडली, दुसऱ्यानें ती जुन्या चौघडीवर पुन्हां घातली, आणि दोघांचा पगारपत्रक काढणारा कारकून एकाच खात्याचा. माडगूळकर पगारी नोकर नव्हते हें आम्हांस ठाऊक आहे. मानधनाचा कागदही कोणी तरी लिहितोच.

आतां मूळ प्रक्षेपणाकडे वळूं. त्यांत रामकथेचा निवेदक एक नव्हता. माडगूळकरांनीं प्रत्येक गीत कोणत्या तरी पात्राच्या तोंडीं घातलें होतें आणि नभोवाणीनें प्रत्येक पात्राला शक्य तों त्याचा गळा दिला. सीता माणिक वर्मा यांच्या आवाजांत बोलली, कौसल्या ललिता फडके यांच्या. शापमुक्त अहल्या झाल्या मालती पांडे. आईवर संतापलेला भरत वसंतराव देशपांडे यांचा. ज्यांनीं वसंतरावांचें गाणें ऐकलें आहे, त्यांना त्या संतापाची जात सांगावयास नको. गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर, राम फाटक, नट चंद्रकांत गोखले, असे आणखी कितीतरी. आणि शेवटीं, लक्ष्मणानें अरण्यांत आणून सोडलेल्या सीतेच्या प्रश्नासाठीं लता मंगेशकर. पुणें-मुंबईकडील मराठी गाण्याची एक अख्खी पिढीच त्या वर्षभरांत एका कथेंत पाहुणी येऊन गेली.

लोकांनीं या प्रक्षेपणाला जो मान दिला तो आतां दंतकथेसारखा वाटतो. शुक्रवारीं सकाळीं स्नान करून, रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत. रामायणाच्या निमित्तानें यंत्राचीच पूजा होण्याचा हा प्रकार 1987 सालीं दूरदर्शनच्या वेळीं सगळ्या देशानें पुन्हां पाहिला; महाराष्ट्रानें तो तीस वर्षें आधींच करून ठेवला होता. समुद्रकांठच्या आमच्या खेड्यांत रेडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्या घरीं बॅटरीवरचा पेटीएवढा रेडिओ असेल त्याची ओटी त्या सकाळीं भरत असे, आणि सह्याद्री ओलांडून येणारा आवाज मधूनच खरखर करूं लागला, तर तीच खरखर समुद्राची समजून लोक पुढच्या कडव्याची वाट पाहत. वर सांगितलेल्या आजींनीं ऐकलें तें असें.

एवढी मागणी असतां त्या गीतांच्या तबकड्या त्याच वर्षीं कां निघाल्या नाहींत? व्यापाऱ्यांस दृष्टि नव्हती असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. आमच्या मतें अडचण अधिक खोल, आणि गीतांच्या घडणींतच होती.

त्या काळची तबकडी म्हणजे लाखेची, दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणारी. तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटें मावत. 1902 सालीं कलकत्त्याला गौहर जान गाईं लागली तेव्हांपासून हिंदुस्थानांतल्या प्रत्येक गायकाला आपलें गाणें या मापाच्या पेटींत बसवावें लागलें आहे. तासभर राग फुलविणारे खांसाहेब तीन मिनिटांत आलाप, चीज, ताना आणि शेवटीं आपलें नांव एवढें सारें कोंबीत. मराठी भावगीताची तर कुळकथाच या मापाशीं जडलेली आहे. 1932 च्या सुमारास जी. एन. जोशी यांच्या तबकडीनें भावगीत घरोघर नेलें. त्यानंतर ध्रुवपद, दोन किंवा तीन कडवीं, मध्यें वाद्यांचे दोन तुकडे आणि पुन्हां ध्रुवपद हा जो सांचा रूढ झाला, तो कवींनीं काव्यशास्त्र पाहून ठरविलेला नाहीं. तबकडीच्या कडेनें तो ठरविला. कवितेचें चौथें कडवें गाण्यांत नसतें याचें कारण बहुधा तिच्या अर्थांत शोधूं नये.

फडके स्वतः या शाळेंतूनच आलेले. 1941 पासून त्यांनीं एच.एम.व्ही.साठीं चाली दिल्या होत्या. तीन मिनिटांत भाव उभा करून उतरवून ठेवण्याची कला त्यांच्याइतकी थोड्यांनाच साधली होती. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेंच, नभोवाणीनें मोकळी पाव तासाची जागा पुढें करतांच त्यांनीं आणि माडगूळकरांनीं तीन मिनिटांचा सांचा बाजूला ठेविला. गीतरामायणांतल्या कित्येक गीतांना आठ-आठ, दहा-दहा कडवीं आहेत. चाल बहुतेक एकच. परंतु प्रत्येक कडव्याला प्रसंगानुरूप थोडी वळवून घेतलेली, कोठें लय दाबलेली, कोठें शब्द नुसता टेकवून सोडलेला. रामानें चित्रकूटावर भरताला केलेलें सांत्वन घ्या. त्याचें बळ एका ओळींत नाहीं. एकामागून एक दाखले येत जातात, प्रत्येक दाखल्यागणिक भरताचा आग्रह थोडा थोडा सैल होत जातो. त्यांतलीं दोनच कडवीं ठेवलीं तर सुभाषितें उरतील, सांत्वन उरणार नाहीं.

आतां साधा हिशेब करूं. एका गीतास सरासरी सात मिनिटें धरलीं, तर 56 गीतांचा काळ साडेसहा तासांच्या आसपास येतो. लाखेच्या तबकडीवर एक गीत दोन बाजूंवर, तेंही थोडें कापून. म्हणजे गीतागणिक एक तबकडी, एकूण 56 तबकड्या, वजन दहा किलोंच्या घरांत. आणि प्रत्येक गीताच्या ऐन मध्यावर उठून तबकडी उलटावयाची, सुई बदलावयाची, चावी द्यावयाची. भरताचें सांत्वन अर्ध्यावर ठेवून यंत्राची चावी पिळणारा श्रोता डोळ्यांपुढें आणा, म्हणजे त्या वेळीं संच कां निघाला नाहीं, हें ध्यानांत येईल. काव्य तयार होतें. त्याला मावेल असें भांडें बाजारांत नव्हतें.

तसें भांडें अमेरिकेंत 1948 सालींच घडलें होतें. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, बारीक रेघांची, बारा इंची दीर्घ तबकडी. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें राहतात. हिंदुस्थानांत ती रुळली पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि सर्वसाधारण गिऱ्हाईकापर्यंत पोंचली साठच्या दशकांत. वीस मिनिटांची एक बाजू, दहा तबकड्यांच्या वीस बाजू, म्हणजे चारशें मिनिटें. आपले साडेसहा तास त्यांत बरोबर बसतात. साठच्या दशकांत एच.एम.व्ही.नें गीतरामायणाचा जो संच काढला, तो दहा दीर्घ तबकड्यांचाच आहे.

गाण्यांच्या संचाला आज आपण अल्बम म्हणतों. तो शब्दही या लाखेच्या जगांतलाच. छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहींत पांच-सहा तबकड्या खोंचून विकीत, तेव्हांपासूनचें हें नांव. पुढें सगळीं गाणीं एका तबकडीवर मावूं लागलीं, वही गेली आणि नांव मात्र राहिलें. परंतु बरींच वर्षें असा अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांचें गाठोडेंच असे. गाण्यांना क्रम असावा, एकानें दुसऱ्याचा हात धरावा, सगळ्यांचें मिळून एक कांहीं व्हावें ही कल्पना पाश्चात्य लोकप्रिय संगीतांत प्रतिष्ठा पावली ती 1967 सालच्या बीटल्सच्या सार्जंट पेपरपासून, असें साधारणतः मानतात. पुण्याच्या त्या छप्पन्न शुक्रवारांना तेव्हां अकरा-बारा वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यांचा तर शेवटही आरंभाला जाऊन मिळतो: पहिल्या गीतांत कुश-लव रामापुढें रामायण गातात, आणि शेवटच्या गीतांत तेंच गावयास वाल्मीकि त्यांना निरोप देतो. या तुलनेंत फुशारकी मारण्याजोगें कांहीं नाहीं. रामकथा मुळांतच सलग आहे. ती सलग गायली यांत नवल तें काय? नवल आहे तें एवढेंच, कीं यंत्राची सोय होण्याची वाट न पाहतां ती गायली गेली.

मधल्या वर्षांत मात्र एक गोष्ट घडली आणि तिनेंच पुढचें सारें ठरविलें. नभोवाणीवरचें वर्ष संपलें. 1957 सालीं भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें गीतांचें पुस्तक काढलें. लोकांच्या हातीं शब्द आले. आवाज कोठून आणावयाचा? वीस-पंचवीस गायकांचा मेळा गांवोगांव हिंडवणें कोणासही परवडणारें नव्हतें. म्हणून फडके स्वतः एकटे बैठकीस बसले. पुढें पेटी, शेजारीं तबला आणि व्हायोलिन, आणि निवेदनाच्या दोन शब्दांनंतर गीत. शेंकड्यांनीं कार्यक्रम झाले. मैदानांत, मंडपांत, देवळाच्या पटांगणांत, परप्रांतांत. दशरथही तेच, कैकेयीही तेच, सीताही तेच. लोकांना त्यांत कांहींच विपरीत वाटलें नाहीं, कारण शतकानुशतकें ते हेंच पाहत आले होते. आपला नारदीय कीर्तनकार याहून दुसरें काय करितो? उत्तररंगांत तोच रावण होऊन डोळे वटारतो आणि उपरणें डोक्यावरून घेऊन तोच मंदोदरी होतो. फडक्यांनीं हातवारे केले नाहींत, उपरणें घेतलें नाहीं. परंतु ज्या खुर्चींत ते बसले, ती कीर्तनकाराचीच होती.

म्हणून तबकड्यांचा संच निघावयाचा झाला तेव्हां गायक कोण, हा प्रश्नच उरला नव्हता. 1955 सालीं हा संच निघता तर तो अनेक आवाजांचा निघता, असें आम्ही समजतों. साठच्या दशकांत तो एकाचाच निघाला. छप्पन्नही गीतें फडक्यांनीं गायिलीं.

या बदलानें काय मिळविलें तें आधीं सांगणें उचित होय. संचांतले फडके हे आठवड्याच्या घाईंत चाल बसवून गाणारे फडके नव्हत. प्रत्येक गीत त्यांनीं हजारों लोकांच्या तोंडावर पारखून घेतलें होतें. कोठें श्वास घ्यावा, कोठें शब्द मोकळा सोडावा, कोणत्या कडव्यापाशीं मंडप स्तब्ध होतो, हें त्यांना ठाऊक झालें होतें. शब्दोच्चाराची जी स्वच्छता या तबकड्यांत आहे ती मराठी गायनांत दुर्मिळ. 'ण' आणि 'न', 'श' आणि 'ष' यांचा भेद अनेक मुलांनीं शाळेंत नव्हे, या संचावरून उचलला. अनेक भारतीय भाषांत गीतरामायणाचीं भाषांतरें झालीं तीं बहुधा याच चालींना धरून. भाषांतरकारानें आपला शब्द फडक्यांच्या स्वराला मोजून कापावा, असा अधिकार त्या स्वरानें कमावला. घाईंत निघालेल्या संचाला हें पक्वपण आलें नसतें. विलंबाचा हा लाभ आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

हानि मात्र त्याच्याहून कमी नाहीं, आणि ती मुख्यतः बायकांच्या गीतांची आहे. रामाचें, लक्ष्मणाचें, भरताचें बोलणें एका पुरुषाच्या गळ्यांतून आलें, तर पात्र बदललें तरी बोलणारा तोच जातीचा राहतो. कौसल्येचें निपुत्रिकपणाचें कातर गीत, अहल्येचा पाषाणांतून सुटलेला श्वास, सीतेनें वनांत बरोबर येण्यासाठीं धरलेला आग्रह, हीं गीतें पुरुषाच्या आवाजांत आलीं, कीं त्यांचा कर्ता बदलतो. तीं बोलणीं न राहतां हकीकती होतात. शेवटच्या सीतेचें तर फारच झालें आहे. ती लक्ष्मणाला विचारते, आतां मीं जावें कोठें? हा प्रश्न जिनें विचारावयाचा तिच्याच आवाजांत तो आला, तर ऐकणारा लक्ष्मणाच्या जागीं उभा राहतो. त्याला उत्तर देतां येत नाहीं आणि पळतांही येत नाहीं. तोच प्रश्न कथेकऱ्याच्या तोंडून आला, कीं आपण श्रोत्यांत जाऊन बसतों आणि डोळे टिपतों. फडके तें गीत उत्तमच गातात. त्यांच्या गाण्यांत करुणा आहे. सीतेच्या प्रश्नांत करुणेखेरीज जो आरोप आहे, तो मात्र त्यांच्या स्वरांत विरघळून जातो.

रामाच्या एकपत्नीव्रताची आणि सत्यवचनाची स्तुति करणारा आपला समाज सीतात्यागापाशीं नेहमींच अडखळत आला आहे. माडगूळकरांनीं तो प्रसंग टाळला नाहीं. तिला बोलूं दिलें. नभोवाणीनें तिला तिचा आवाज दिला. तबकड्यांनीं तो परत घेतला, असें म्हटलें तर कोणास कठोर वाटेल. कोणाचाच तसा हेतु नव्हता. यंत्र उशिरा आलें, मधल्या काळांत रंगमंचाची सोय ही रीत झाली, आणि रीत तबकडीवर कोरली गेली. परंतु हेतूवांचून घडलेल्या गोष्टीही घडतातच.

विद्वानांनीं या कृतीचें काय केलें? बहुतेकांनीं कांहींच केलें नाहीं. नवकाव्याच्या त्या दिवसांत आठवड्याला एक गीत पुरविणाऱ्या कवीला गीतकार म्हणून एका बाजूला बसविण्याची चाल होती, आणि लोकप्रियता हा त्याच्याविरुद्धचा पुरावा समजत. दुसऱ्या बाजूला भाविकांनीं तिची आरती केली. परीक्षण या दोहोंच्या मध्यें कोठें तरी राहून गेलें. गायनाच्या अंगानें तर तें अजूनही व्हावयाचें आहे.

आमच्या किनाऱ्यावर हा संच आणखी उशिरा पोंचला. येथें पूर्वीं यंत्रें नव्हतीं असें नाहीं. मुंबईच्या आगबोटी दाभोळ बंदराला लागत, आणि गणपतीला घरीं येणारा चाकरमानी कधीं कधीं ट्रंकेबरोबर चावीचा ग्रामोफोन उतरवून घेई. पण दीर्घ तबकडी चावीच्या यंत्रावर चालत नाहीं. तिच्या बारीक रेघेला जुनी जड सुई फाडून टाकते. तिला हलका कांटा लागतो, आवाज वाढविणारें यंत्र लागतें, आणि त्यासाठीं वीज. कोकणांतल्या पुष्कळ खेड्यांत तेव्हां विजेचे खांबही उभे राहिले नव्हते. ज्या तालुक्यांत पुढें अंजनवेलच्या सड्यावर एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचीं धुराडीं उभीं राहिलीं आणि दोन वर्षांत थंडही पडलीं, त्या तालुक्यानें रामायणाच्या तबकड्या विजेअभावीं ऐकल्या नाहींत, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा. गुहागरकडच्या घरांत गीतरामायण खऱ्या अर्थानें शिरलें तें सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशींत, कॅसेटी निघाल्यावर. चार सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मुंबईहून आला, आखाताकडे नोकरीस गेलेल्यांनीं तिकडून आणला, आणि त्याबरोबर दहा तबकड्यांचें गाणें दहा कॅसेटींत आलें. पूर्वीं एका घरच्या ओटीवर सारी आळी जमून ऐकत असे. आतां प्रत्येक घर आपलें आपलें ऐकूं लागलें.

आणि त्या वेळीं ज्यांचें वय आठ-दहा होतें, त्यांच्यासाठीं गीतरामायण पहिल्यापासूनच एका आवाजाचें होतें. माणिक वर्मांची सीता त्यांनीं कधीं ऐकलीच नाहीं. फडके 29 जुलै 2002 रोजीं गेले; त्या दिवशींही घरोघर तीच गाणीं लागलीं. नातवाची यादी चुकीची नव्हती. तिच्यांत फक्त पहिलें वर्ष नव्हतें.

त्या नवमीला वाद तेथेंच मिटला. थोड्या वेळानें आजींनीं तें सीतेचें गीत पुन्हां लावावयास सांगितलें. फडके गाऊं लागले. दुसऱ्या कडव्यापाशीं आजीही गाऊं लागल्या, निराळ्याच पट्टींत, बारीक कांपऱ्या आवाजांत. शब्द मात्र एकही चुकला नाहीं. नातवानें एकदां त्यांच्याकडे पाहिलें आणि यंत्राचा आवाज हळूहळू कमी केला.